खेळात आहे, हिशेबात नाही

पालकहो, आज एका कबुलीने सुरुवात करते. आमची धाकटी एक नवा खेळ खेळायला पहिल्यांदा जाणार होती, त्याच्या आदल्या रात्री मी तिला रडवलं. तेही खेळाच्या नियमांवरून.

झालं असं. बंगळूरच्या जयनगरमधल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दर रविवारी दुपारी मुलांची बैठक जमते. जेवणाच्या टेबलाभोवती पाच-सहा पोरं, कागद, पेन्सिली, खोडरबर आणि कधी न पाहिलेल्या आकारांचे फासे. कुणी मोठ्याने ओरडतं, कुणी आवाज बदलून बोलतं, मधेच सगळे चिडीचूप होतात. खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. खेळ चालवणारा मुलगा अकरावीतला. इथल्या रीतीप्रमाणे सगळी लहान मुलं त्याला ‘अण्णा’ म्हणतात. आमची धाकटी दहा वर्षांची. तिला बोलावणं आलं तेव्हा ती नाचली आणि मी अभ्यासाला लागले.

या खेळाचे मूळ नियम इंटरनेटवर मोफत मिळतात. मी फोर्थ ब्लॉकातून त्यांची प्रिंट काढून आणली, स्पायरल बाइंडिंग करून घेतलं, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केल्या. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर तोंडी परीक्षा सुरू. ‘आर्मर क्लास म्हणजे काय?’ ‘इनिशिएटिव्ह कधी टाकायचा?’ तिसऱ्या प्रश्नाला तिचे ओठ थरथरले आणि चौथ्याला ती म्हणाली, ‘मला नाहीच जायचं तिथे.’ तिचे बाबा आतून म्हणाले, ‘अगं, खेळायला पाठवतेयस की सीईटीला?’ मला राग आला, कारण बोलणं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला समजावून, हात धरून वर नेलं. माझ्या दुसऱ्या हातात ती स्पायरलची वही. अण्णाने वहीकडे पाहिलं, हसला आणि म्हणाला, ‘अदेल्ला बेडा, आंटी.’ म्हणजे, हे सगळं नको. मग तिला म्हणाला, ‘तू इथे बस. माझ्या बाजूला.’

पुढे काय झालं ते सांगण्याआधी, ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आपण लहानपणी भातुकली खेळलो. ‘तू बाबा हो, मी आई होते, हा पाहुणा.’ भातुकलीत कुणी म्हणालं, ‘मी वाघाला मारलं,’ आणि दुसरं म्हणालं, ‘नाही, वाघाने तुला खाल्लं,’ की भांडण व्हायचं आणि खेळ मोडायचा. भातुकलीला फासे आणि एक पंच जोडला की झाला हा खेळ. प्रत्येक मुलाचं एक सोंग असतं: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. पंचाला म्हणतात डंजन मास्टर, म्हणजेच डीएम. तो प्रसंग सांगतो, मुलं आपण काय करतो ते सांगतात, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा निवाडा करतो. मुख्य फासा वीस बाजूंचा. जिंकणं-हरणं ठरलेलं नसतं. गोष्ट पुढच्या रविवारी पुढे चालू राहते.

तर धाकटी बसली. अण्णाने तिच्यापुढे एक भरलेला कागद सरकवला. तिचं सोंग त्याने आधीच तयार करून ठेवलं होतं: एक चपळ चोर. नाव तेवढं तिने द्यायचं. तिने दिलं ‘खारूताई’. कागदावर तीसेक आकडे होते. त्यांतला एकही त्याने समजावून सांगितला नाही. तो म्हणाला, ‘रात्र आहे. वाड्याच्या दारात एक मोठं कुत्रं झोपलंय. किल्ली त्याच्या पलीकडे खुंटीला आहे. खारूताई, तू काय करतेस?’

धाकटी माझ्याकडे पाहायला लागली. मी स्वयंपाकघराच्या दारात अण्णाच्या आईबरोबर कॉफी घेत उभी. खाणाखुणा करणार, तेवढ्यात ती पुटपुटली, ‘मी हळूच जाते.’

‘छान. हा वीसचा फासा टाक. आणि कागदावर हळू जाण्यापुढे काय लिहिलंय बघ.’

कागदावर होतं पाच. तीन तिच्या चपळाईचे आणि दोन सरावाचे, हे तिला पुढच्या महिन्यात कळलं. त्या दिवशी तिला एवढंच कळलं की फाशावर येईल त्यात पाच मिळवायचे. ‘बारा हवेत,’ अण्णा म्हणाला. फासा पडला सहावर. सहा आणि पाच अकरा. ‘एकच कमी!’ टेबलावरची सगळी पोरं एकदम कळवळली, जणू किल्ली त्यांच्याच घरची होती.

‘कुत्र्याने डोळा उघडला. गुरगुरतंय. तू काय करतेस?’

आता मात्र ती माझ्याकडे वळली नाही. ‘माझ्या पिशवीत खायला आहे का?’ होतं. तिने ते लांब फेकलं. योद्धा झालेल्या मुलाने दुसऱ्या बाजूने शीळ घातली. ‘कुत्र्याचं लक्ष उडालंय,’ अण्णा म्हणाला, ‘म्हणून आता दोन फासे टाक. मोठा धर.’ एकावर चार, दुसऱ्यावर पंधरा. पंधरा आणि पाच वीस. किल्ली मिळाली आणि टेबल दणाणलं.

या वीस मिनिटांत तिला खेळाचा कणा समजला होता. आधी काय करायचं ते सांगायचं, डीएम म्हणेल तेव्हाच फासा टाकायचा, आपला आकडा मिळवायचा, ठरलेल्या आकड्याशी ताडून पाहायचा. परिस्थिती आपल्या बाजूने असेल तर दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. माझ्या वहीत या सगळ्याला चार पानं लागली होती, आणि त्या चार पानांवरच आदल्या रात्री पाणी पडलं होतं.

मी हिशेबी बाई. घरी येऊन कागदावर मांडून पाहिलं. तिला फाशावर सात किंवा जास्त हवे होते. वीसपैकी चौदा बाजू तिच्या बाजूच्या, म्हणजे शंभरात सत्तर. दोन फासे टाकल्यावर दोन्ही फसायला हवेत, तेव्हाच ती हरणार: वीसात सहा गुणिले वीसात सहा, म्हणजे चारशेत छत्तीस. शंभरात नऊ. उरले एक्याण्णव. मित्राच्या एका शिळेने सत्तराचे एक्याण्णव केले. मी धाकटीला हे सांगायला गेले तर ती म्हणाली, ‘हो, म्हणून तर आम्ही एकमेकांना मदत करतो.’ गणित तिच्यापर्यंत माझ्याआधीच पोचलं होतं. फक्त तिने त्याला गणित म्हटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आमच्या घरी एक गंमत झाली. सासूबाई मिरजेहून आल्या होत्या. धाकटी उड्या मारत आली आणि म्हणाली, ‘आजी, मी रोग आहे!’ या खेळात चोराच्या सोंगाला इंग्रजीत तोच शब्द आहे. सासूबाईंनी आधी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. सगळा उलगडा झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला: ‘मग हरली तर बाहेर काढत नाहीत ना? कच्चा लिंबू आहे ना अजून?’

पुढच्या रविवारी त्या स्वतःच बघायला वर आल्या. तिथे अण्णाची अज्जी कोडुबळ्यांची ताटली घेऊन बसलेली. दोघींचं हिंदी एकमेकींना पुरे इतपतच. सासूबाईंनी नातीकडे बोट दाखवून ‘कच्चा लिंबू’ म्हणजे काय ते हातवाऱ्यांनी सांगितलं. अज्जीच्या डोळ्यांत ओळख उमटली. ‘हां! आटक्कुंटु, लेक्कक्किल्ल!’ खेळात आहे, हिशेबात नाही. कन्नडमध्ये ही म्हणच आहे. अज्जी लहान असताना लगोरीत आणि लपंडावात धाकट्या भावंडांना असंच घेतलं जायचं. आऊट झालं तरी आऊट नाही, राज्य आलं तरी घ्यायचं नाही, पण पळायचं सगळ्यांबरोबर.

पालकहो, त्या दोन आज्या कोडुबळी खात जे बोलत होत्या, तेच मला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे. मूल नियम शिकून खेळात येत नाही. आधी त्याला खेळात जागा मिळते, मग त्या जागेवर बसून ते नियम शिकतं. आपल्या दोन्ही भाषांनी या जागेला पिढ्यान्‌पिढ्या नाव देऊन ठेवलं आहे, आणि आपण मात्र शिकवणीचा वर्ग उघडून बसतो.

आठवून पाहा, आपण बदाम सात कसं शिकलो? झब्बू, मेंढीकोट, चल्लस-आठ? कुणी नियमांचं पुस्तक दिलं होतं का? मामाच्या मांडीवर बसून त्याची पानं धरली. ‘आता हे टाक,’ म्हणाला, टाकलं. चार डावांनंतर आपण मामाला म्हणालो, ‘ते नको, हे टाक.’ चल्लस-आठमध्ये कवड्यांचं दान मोजताना एक, दोन, तीन, चार आणि सगळ्या पालथ्या पडल्या तर आठ, हे कुणी फळ्यावर लिहिलं नाही. अज्जीच्या घरी हाच पंचवीस घरांचा पट ‘चौका बारा’ या नावाने आहे. तिलाही तो कुणी वाचून दाखवलेला नाही.

फार कशाला, जयनगर आपण कसं शिकलो? हा भाग १९४८ साली आखून वसवला. ब्लॉक, मेन, क्रॉस, सगळं आकड्यांत. कागदावर यापेक्षा सोपं काय असणार! पण नव्याने आलेल्या माणसाला विचारा. फोर्थ ब्लॉक वेगळा आणि फोर्थ टी ब्लॉक वेगळा, अमुक क्रॉस या ब्लॉकातही असतो आणि त्या ब्लॉकातही, हे मला दोन वेळा चुकीच्या दारात उभी राहिल्यावरच कळलं. रिक्षावाल्याने एकदा विचारलं, ‘यावं ब्लॉक?’ म्हणजे, कोणता ब्लॉक? तेव्हापासून मी पत्ता ब्लॉकपासून सांगायला लागले. नियम होताच. तो लागला तेव्हा शिकले.

आता गंमत अशी, की हे शहाणपण खुद्द या खेळाच्या कर्त्यांनाही सुरुवातीला सुचलं नव्हतं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी लिहिलेल्या तीन छोट्या पुस्तिका एका डब्यात. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची. पुस्तिका इतक्या त्रोटक की त्या समजायला लढायांचे खेळ आधीपासून खेळलेले असावे लागत, आणि खेळायला आणखी दुसऱ्या खेळांचं सामान हाताशी असावं अशी सूचना त्यांतच होती. नुसती पुस्तिका विकत घेऊन खेळ कळला असं क्वचितच व्हायचं. ज्यांना कळला त्यांना तो कुणाच्या तरी टेबलावर बसून कळला. मग गावोगावी नियमांच्या वेगवेगळ्या रीती पडल्या, जशा आपल्याकडे नागपूरचा आणि पुण्याचा मेंढीकोट एकमेकांशी पटत नाही.

तीन वर्षांनी, १९७७ मध्ये, नवशिक्यांसाठी वेगळा संच निघाला. तो लिहिला जे. एरिक होम्स यांनी, आणि ते व्यवसायाने मेंदू-मज्जासंस्थेचे डॉक्टर आणि प्राध्यापक होते. त्यांनी नियम सोपे करून, क्रमाने मांडले. तरी ते पुस्तकच होतं. खरी युक्ती १९८३ च्या लाल डब्यात आली. फ्रँक मेंट्झर यांनी त्या संचातलं खेळाडूचं पुस्तक नियमांनी सुरूच केलं नाही. पान उघडलं की तुम्ही योद्धा, आणि समोर गुहा. आत गेलात की पहिला शत्रू भेटतो, आणि मारायचं कसं ते त्याच क्षणी दोन ओळींत कळतं. पुढे एक मदत करणारी पुजारीण भेटते, अलीना तिचं नाव. जखमा भरतात कशा ते ती भेटल्यावर कळतं. आणि मग दुष्ट जादूगाराच्या हातून ती मरते. त्या काळची मुलं आज पन्नाशीत आहेत आणि अलीनाचं नाव काढलं तर अजून हळहळतात. नियम त्यांच्या डोक्यात त्या हळहळीबरोबर गेले.

म्हणजे पाहा, कर्त्यांना नऊ वर्षं लागली, पण शेवटी ते आपल्या आज्यांच्या मुक्कामी आले. नवख्याला आधी आत घ्या. या खेळाची बांधणीही तशीच झाली आहे. सोंग पहिल्या पातळीवर सुरू होतं. पहिल्या पातळीच्या जादूगाराला मोजकेच मंत्र येतात, चोराला दोन-तीन युक्त्या. खेळत गेलं की पातळी वाढते आणि प्रत्येक पातळीबरोबर एखाददुसरा नवा नियम हातात पडतो. एकूण पातळ्या वीस. तीनशेहून जास्त पानांचं पुस्तक मुलाला असं घासाघासाने भरवलं जातं, आणि प्रत्येक घासाच्या वेळी त्याला भूक असते.

उलट बाजूही दाखवते. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा तुमच्यापैकी कुणी सहलीहून आणली असेल. गोल, हाताने रंगवलेली पानं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०. दिवसा डावाची सुरुवात रामाच्या राजाने आणि रात्री कृष्णाच्या राजाने, असा देखणा नियम. तिथल्या राजवाड्यात कारागीर आजही ही पानं रंगवतात, पानं विकतही मिळतात. पण ती खेळणारं माणूस शोधावं लागतं. बहुतेक घरांत ती काचेच्या कपाटात असतात, आमच्याही आहेत. इकडे मैसूरला मुम्मडि कृष्णराज वडेयरांनी एकोणिसाव्या शतकात गंजिफेचे नवेनवे प्रकार रचले, त्यांचे नियम ‘श्रीतत्त्वनिधी’ या ग्रंथात नोंदवून ठेवले. एक प्रकार तर सोळा रंगांचा, ३२० पानांचा. नियम राजाने लिहिलेले, ग्रंथ शाबूत, पण तो खेळ घराघरांत रुळला नाही. त्याच मैसूर मुलखातला चौका बारा मात्र देवळांच्या दगडी फरशीवर कोरलेला सापडतो आणि अज्जी अजून खेळते. ग्रंथाने नियम टिकतो. खेळ टिकायला मांडी लागते, मामाची किंवा आजीची.

कुणी म्हणेल, पत्त्यांचं ठीक आहे, पण सोंग घेऊन बोलायचं हे मुलांना कसं जमणार? आपल्याकडे हे नवं नाही. कोकणातल्या दशावतारात संवादाचं बाड नसतं. कथा ठाऊक असते, आणि नट रंगमंचावर उभं राहून तिथल्या तिथे बोलतो. कर्नाटकात तर त्याहून जवळचा नातेवाईक आहे: ताळमद्दळे. यक्षगानाचाच हा प्रकार, पण वेश नाही, नाच नाही. भागवत गातो आणि कलाकार साध्या कपड्यांत समोरासमोर बसून कृष्णाच्या, कर्णाच्या, कौरवांच्या बाजूने उत्स्फूर्त वाद घालतात. त्यांना ‘अर्थधारी’ म्हणतात. बसून, नुसत्या बोलण्याने, दुसऱ्याच्या कातडीत शिरणं. नवा मुलगा आधी ऐकत बसतो, मग त्याला दूताचं दोन वाक्यांचं काम मिळतं. कर्ण फार पुढे. अण्णाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘आजोबा न्यायचे मला. मी झोपायचो.’ मला वाटतं तो पुरता झोपत नसावा.

आता तुमच्या मनात असलेल्या शंकांकडे येते, कारण त्या माझ्याही होत्या.

‘पुस्तक वाचूच नये का मग?’ वाचावं, आणि मुलं वाचतात. तिसऱ्या आठवड्यात धाकटीने ती स्पायरलची वही आपणहून मागितली. एका मुलाशी तिचा वाद झाला होता: लपलेल्या चोराने वार केला तर त्याचं बळ वाढतं की नाही? रात्री टेबललॅम्प लावून तिने ते पान शोधलं, खूण घातली आणि रविवारी पुरावा म्हणून नेलं. मी पिवळ्या केलेल्या ओळींपैकी ती एकही नव्हती. कोर्टात जाणाऱ्यालाच कायद्याचं कलम पाठ होतं. फक्त एक सांभाळायला हवं. अशी मुलं कधीकधी खेळ थांबवून नियमांची वकिली करायला लागतात. अण्णाने त्यावर तोडगा काढला आहे: खेळ चालू असताना डीएमचा शब्द शेवटचा, पुस्तक खेळ संपल्यावर उघडायचं, चूक निघाली तर पुढच्या वेळी दुरुस्त. अकरावीतल्या पोराचं हे शहाणपण आमच्या इमारतीच्या सोसायटी मीटिंगमध्ये आलं तर आम्ही सगळे वेळेवर जेवू.

‘खेळ राक्षस-भुतांचा, मुलांच्या डोक्यावर परिणाम होणार नाही?’ ही भीती जुनी आहे. १९७९ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि या खेळाच्या नादाने तो हरवला अशी आवई उठली. पुढे कळलं की त्याची दुःखं निराळीच होती, खेळाचा त्यात हात नव्हता. पण तोवर कादंबरी आली, १९८२ मध्ये टीव्हीवर चित्रपट आला आणि कित्येक घरांतून फासे कचऱ्यात गेले. त्या प्रकरणात मला आईबापांसाठी एकच धडा दिसतो. मूल गप्प असेल तर खेळाकडे बोट दाखवण्याआधी मुलाशेजारी बसावं.

भीतीदायक प्रसंग खेळात येतातच. त्यासाठी चांगले गट पहिल्या बैठकीत खेळतच नाहीत, बोलतात. गोष्टीत काय चालेल, काय नको, कुणाला कशाची भीती वाटते. आमच्या गटात एका मुलीने सांगितलं, साप नकोत. आजतागायत एकही साप आलेला नाही. काही टेबलांवर फुलीचं एक कार्ड ठेवतात. कुणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. आपल्या मुलाच्या गटात अशी सोय आहे का, हे जरूर विचारा. गटातल्या मुलांच्या गुण-अवगुणांची चौकशी करण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

‘वेळ किती जातो?’ जातो. एक बैठक सहज तीन तास. पण ते तीन तास मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघत असतात. मोबाइल टेबलाच्या मधोमध पालथे. आणि भाषा? आमच्या टेबलावर नियम इंग्रजीत, भांडणं कन्नडमध्ये, विनोद हिंदीत. धाकटीची खारूताई मात्र संकटात सापडली की मराठीत ओरडते. बाकीच्या पोरांना आता ‘अरे देवा’ आणि ‘पळा पळा’ येतं.

‘खर्च?’ नियम मोफत आहेत. २०२३ पासून तर या खेळाच्या मूळ नियमांचा गाभा कुणीही वापरावा असा खुला करून दिला आहे. फाशांचा एक संच टेबलाला पुरतो. नसतील तर मोबाइलवरही फासे टाकता येतात, पण फासा हातात घोळवण्यात जी मजा आहे ती पडद्यावर बोट ठेवण्यात नाही. दुकानातल्या सुरुवातीच्या संचावर बारा वर्षं वय लिहिलेलं असतं. दहाची मुलं मोठ्यांच्या शेजारी बसून मजेत खेळतात, हे मी पाहते आहे. त्याहून लहानांसाठी एका पानावर मावणारे सोपे खेळही आहेत. त्यांतल्या ‘हनी हाइस्ट’ नावाच्या एका खेळात सगळी मुलं अस्वलं होतात आणि मध चोरायला निघतात. त्याचे नियम तुमचा चहा निवायच्या आत कळतात.

मग आईबापांनी करायचं काय? माझ्या चुकांवरून सांगते. मूल पहिल्यांदा जाणार असेल तर त्याची तयारी घेऊ नका. त्याला आत घेणारा एक ‘अण्णा’ आहे ना, तेवढं बघा. पहिले दोन रविवार त्याचं सोंग दुसऱ्याने तयार केलेलं असू द्या. शेजारी उभं राहून उत्तरं सुचवू नका, कॉफी घ्या. घरी आल्यावर ‘काय शिकलीस?’ असं विचारलं की मूल पाठ म्हणून दाखवतं किंवा गप्प बसतं. ‘पुढे काय झालं?’ विचारा. धाकटी या प्रश्नाला पाऊण तास उत्तर देते, आणि त्या उत्तरात सगळे नियम असतात.

आणि हो, कच्चा लिंबू कायमचा ठेवायचा नसतो. चार महिन्यांनी एका रविवारी खारूताई एका कड्यावरून घसरली. अण्णा सवयीने म्हणाला, ‘चल, पुन्हा टाक.’ धाकटीने फासा मुठीत धरला आणि म्हणाली, ‘नको. पडले तर पडले. माझं पण मोजा.’ खारूताईचा पाय मोडला, पुढच्या दोन बैठका ती लंगडत होती. अज्जीने विचारलं तेव्हा धाकटीने मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सांगितलं की आता ती ‘लेक्क’मध्ये आहे, हिशेबात. घरी येऊन तिने स्वतः कागदावर नवा आकडा लिहिला, आधी खोडून, मग फुंकर मारून.

मुलाने असं म्हणण्याचा दिवस आपण ठरवू शकत नाही. तोवर त्याची जागा राखून ठेवणं एवढंच आपल्या हातात आहे. शाळेत, क्लासात, स्पर्धेत आपण त्याला पहिल्या दिवसापासून मोजतो. कुठेतरी एक टेबल असं असू द्या, जिथे त्याला खेळात घेतलंय पण हिशेब अजून सुरू झालेला नाही.

शेवटची विनंती. एका रविवारी तुम्हीही त्या टेबलावर बसा. नियम वाचून जाऊ नका. मी गेले होते. मला पुजारणीचं सोंग मिळालं, वीसचा फासा आणि बाराचा फासा मला ओळखू येईना, आणि प्रत्येक वेळी धाकटी न चिडता योग्य फासा माझ्यापुढे सरकवत होती. बेरीज चुकले तेव्हा मुलांनी ती माझ्याकडून पुन्हा करून घेतली. कुणी हसलं नाही. आपल्या लेकराकडून असं सांभाळून घेतलं जाणं काय असतं, ते अनुभवायला खुर्ची ओढून बसावंच लागतं. स्पायरलची वही घरी ठेवा.